प्रदेश कार्यकारिणीत खरं काम कोण करतं?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या तालुक्यातल्या एका मित्राला पक्षाने प्रदेश चिटणीस केलं. यादी पाहिली तर दीडशेच्या वर नावं, नुसते उपाध्यक्षच वीस-बावीस. एवढ्या माणसांत निर्णय कोण घेतं? आणि अशा पदाला काही अर्थ असतो का?’

मी एका पक्षाच्या प्रदेश कार्यालयात बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं कार्यालय माझ्याकडे होतं. बैठकीची सूचना काढणं, इतिवृत्त लिहिणं, नियुक्तीपत्रं पाठवणं आणि निवडणूक आयोगाशी पत्रव्यवहार करणं ही माझी कामं. पक्षाचं नाव सांगत नाही. त्याने उत्तरात काही फरक पडत नाही.

निर्णय बारा-पंधरा जण घेतात. पण तुमच्या मित्राच्या पदाला अर्थ नक्की असू शकतो. नियुक्तीपत्रासोबत त्याला प्रभार मिळाला का, म्हणजे कोणता जिल्हा, कोणतं काम आणि कधीपर्यंत, हे आधी विचारा. मिळाला असेल तर तो नेतृत्वात आहे. नसेल मिळाला, तर तो अजून यादीतच आहे आणि प्रभार त्याला मागून घ्यावा लागेल.

यादी एवढी लांब का होते, ते आधी सांगतो. ‘जम्बो कार्यकारिणी’ म्हणून सगळे तिला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. ३६ जिल्हे, विधानसभेचे २८८ मतदारसंघ, विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई. यातल्या प्रत्येकाला वाटतं की मुंबईत आपलं ऐकणारं कोणीतरी असावं, आणि ते वाटणं रास्त आहे. २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेसने बाळासाहेब थोरातांना प्रदेशाध्यक्ष केलं, तेव्हा त्यांच्यासोबत पाच कार्याध्यक्ष नेमले: नितीन राऊत, बसवराज पाटील, विश्वजित कदम, यशोमती ठाकूर आणि मुझफ्फर हुसेन. ही नावं नकाशावर ठेवून पाहा. नागपूर, मराठवाडा, सांगली, अमरावती आणि मुंबईला लागून असलेलं मीरा-भाईंदर. थोरात स्वतः संगमनेरचे. २०२१ मध्ये नाना पटोले आले तेव्हा कार्याध्यक्ष सहा झाले आणि त्यात यवतमाळ, धुळे, सोलापूर जोडले गेले. प्रदेश, समाज, स्त्री-पुरुष, जुने-नवे असा सगळा हिशोब त्यामागे असतो. सगळेच पक्ष हा हिशोब करतात आणि तो करायलाच हवा.

अडचण पुढे येते. पाच कार्याध्यक्ष नेमले आणि कोणी काय बघायचं हे लिहून दिलं नाही, तर जिल्हाध्यक्ष एकच तक्रार पाचही जणांकडे घेऊन जातो. त्याला पाच वेगवेगळी उत्तरं मिळतात, आणि ज्याचं उत्तर सोयीचं तो त्याचा नेता होतो. गट असे तयार होतात. वैचारिक मतभेदापेक्षा कामाची वाटणी न झाल्याने झालेली गटबाजी मी जास्त पाहिली आहे.

पदांच्या नावांवर जाऊ नका. प्रत्येक पक्ष जसा वाढला तशी त्याची नावं पडली आहेत. शिवसेनेची बांधणी १९६६ पासून मुंबईतल्या शाखेभोवती झाली, म्हणून तिथे गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, जिल्हाप्रमुख, संपर्कप्रमुख आणि वर उपनेते, नेते. शेतकरी कामगार पक्षात सरचिटणीस हेच सर्वांत मोठं पद. कम्युनिस्ट पक्षांत राज्य सचिव आणि सचिवमंडळ. भाजपमध्ये बूथ, शक्तिकेंद्र (काही बूथांचा गट), मंडल, जिल्हा, प्रदेश अशी उतरंड असते आणि संघटनेचे जिल्हे महसुली जिल्ह्यांपेक्षा बरेच जास्त असतात. काँग्रेसमध्ये मुंबईची कमिटी प्रदेशापासून वेगळी आहे. त्याचं मूळ १९२० च्या नागपूर अधिवेशनात आहे. तेव्हा काँग्रेसने भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या केल्या आणि मुंबई शहर वेगळं ठेवलं. शंभर वर्षं झाली, तरी मुंबईच्या उमेदवारीबद्दल टिळक भवनात, म्हणजे प्रदेश काँग्रेसच्या कार्यालयात, कोणी बोललं की मुंबईवाले सावध होतात, त्याचं कारण इतकं जुनं आहे.

आता ते बारा-पंधरा जण. प्रदेशाध्यक्ष, विधिमंडळ पक्षाचा नेता, कार्याध्यक्ष असतील तर ते, संघटनेचा आणि प्रशासनाचा असे दोन सरचिटणीस, खजिनदार, मुख्य प्रवक्ता, एक-दोन ज्येष्ठ आणि दिल्लीहून आलेला प्रभारी. भाजपमध्ये संघटनेचा सरचिटणीस बहुधा संघाचा प्रचारक असतो. तो निवडणूक लढवत नाही, त्यामुळे उमेदवारीच्या चर्चेत त्याच्या शब्दाला वजन येतं. काँग्रेसमध्ये दिल्लीच्या प्रभाऱ्याचं वजन मोठं. अलीकडच्या काळात एच. के. पाटील आणि त्यांच्यानंतर रमेश चेन्निथला यांनी हे काम केलं. एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय पक्षांत विधानसभेचं तिकीट प्रदेश देत नाही, प्रदेश शिफारस करतो. जिल्ह्याकडून नावं येतात, प्रदेशाच्या समितीत छाननी होते आणि दोन-तीन नावं दिल्लीला जातात. म्हणून ‘अध्यक्षांनी माझं तिकीट कापलं’ असं कोणी म्हणालं की मी त्याला विचारायचो, तुझं नाव वर गेलेल्या कागदावर होतं का? बऱ्याचदा नसायचंच. ते जिल्ह्यातच गळलेलं असायचं.

प्रदेशाध्यक्षाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या एका नेमणुकीचे परिणाम पक्षाबाहेरही जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि ते प्रदेशाध्यक्ष झाले. पक्षाच्या दृष्टीने आक्रमक चेहरा हवा होता, तो मिळाला. पण विधानसभेचं अध्यक्षपद पुढे जवळजवळ सतरा महिने रिकामं राहिलं. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि आमदारांच्या अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांना काढाव्या लागल्या. पुढे बहुमत बदललं आणि ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. अध्यक्षपद भरलेलं असतं तर इतिहास बदलला असता की नाही, यात मी शिरत नाही. पण संघटनेचा माणूस निवडताना त्याच्यामागे कोणती खुर्ची रिकामी होते हे मोजलं पाहिजे, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

दुसरी अडचण सत्ता आल्यावर येते. प्रदेशाध्यक्ष मंत्री झाला की त्याचा वेळ मंत्रालयात जातो. देवेंद्र फडणवीस प्रदेशाध्यक्ष असताना ऑक्टोबर २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि काही महिन्यांतच रावसाहेब दानवेंकडे पक्ष गेला. चंद्रशेखर बावनकुळे डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले, लगेच जानेवारीत रवींद्र चव्हाणांना कार्याध्यक्ष केलं आणि जुलै २०२५ मध्ये तेच अध्यक्ष झाले. या मधल्या सहा महिन्यांची पद्धत मला आवडते. नवा माणूस जुन्यासोबत काम करतो, जिल्हे फिरतो, वह्या समजून घेतो. ज्या पक्षांत रात्री पत्र निघतं आणि सकाळी नवा अध्यक्ष खुर्चीत बसतो, तिथे पहिले सहा महिने हारतुऱ्यांत जातात.

नेतृत्वाची फळी खरोखर आहे की नाही, हे दोन वेळा कळतं. पहिली वेळ म्हणजे उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख.

एबी फॉर्म हा शब्द सगळे वापरतात, पण त्यात काय असतं ते सांगतो. ए फॉर्मवर पक्षाचा अध्यक्ष किंवा सचिव कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार या माणसाला दिला आहे आणि हा त्याच्या सहीचा नमुना. बी फॉर्मवर तो अधिकृत माणूस उमेदवाराचं नाव देतो. हे कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडले पाहिजेत. सही शाईची, मूळ. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्स चालत नाही.

एका निवडणुकीत गडचिरोलीतल्या अहेरीच्या उमेदवाराचं नाव आदल्या रात्री साडेअकराला बदललं. आधीच्या उमेदवाराचा फॉर्म गेलेला होता. नवीन फॉर्म करायचा, त्यात जुना रद्द केल्याची नोंद करायची, आणि सहीचा अधिकार असलेले सरचिटणीस पुण्याला घरी झोपलेले. त्यांनी फोन उचलला आणि एवढंच विचारलं, ‘कोणता रकाना?’ माझा सहकारी रात्री गाडीने पुण्याला गेला, सही घेतली, सकाळच्या विमानाने नागपूर गाठलं आणि तिथून गाडीने अहेरी. चंद्रपूरच्या पुढे रस्त्यात ट्रक आडवा झाला होता. तो निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात पोचला तेव्हा दोन वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. त्याने पाठवलेला पोचपावतीचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

त्याच निवडणुकीत दुसऱ्या एका जिल्ह्यात आमचा उमेदवार बाद झाला. जिल्हाध्यक्षाने घाईत बी फॉर्मची रंगीत झेरॉक्स लावली आणि मूळ कागद गाडीतच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, पण पक्षाचा फॉर्म ग्राह्य धरला नाही तर दहा सूचक लागतात. त्याच्या अर्जावर एकच सही होती, म्हणून अपक्ष म्हणूनही तो उभा राहू शकला नाही. पाच वर्षं राबलेला माणूस छाननीच्या दालनातून बाहेर आला आणि पायरीवर बसून राहिला. त्यानंतर मी नियम केला की प्रत्येक उमेदवाराने दहा सूचकांचा एक वेगळा अर्जही भरायचा. चार अर्जांपर्यंत परवानगी असते. ही गोष्ट कोणत्याही भाषणात येत नाही, पण प्रदेशाच्या फळीने करायचं काम हेच आहे.

दुसरी वेळ म्हणजे बूथ समित्यांच्या याद्या. २०२४ च्या विधानसभेला राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. प्रत्येक ठिकाणी दहा माणसं धरली तरी दहा लाख नावं होतात. जिल्ह्यांकडून याद्या यायच्या, जाड बांधणी, रंगीत मुखपृष्ठ, आणि प्रदेशाच्या बैठकीत आकडा वाचला की टाळ्या पडायच्या. मी यादी उघडायचो आणि कुठलंही पान काढून दहा फोन लावायचो. एका तालुक्यात दहापैकी सहा क्रमांक बंद होते, दोघांना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं, एक जण दुसऱ्या पक्षाचा सरपंच निघाला. दहाव्या फोनवर एक बाई होत्या. म्हणाल्या, ‘हो, मीच बघते शाळेजवळचं केंद्र. आमच्या यादीत तेवीस नावं मेलेल्या माणसांची आहेत, सांगून सांगून थकले, कोणी ऐकत नाही.’ मी ती तेवीस नावं लिहून घेतली. पुढे आमची बूथची सगळी प्रशिक्षणं त्या तालुक्यात त्यांच्याच हातून झाली.

म्हणून प्रभार घेतलेल्या प्रदेश चिटणिसाचं पहिलं काम मी हेच सांगतो. आपल्या जिल्ह्याची यादी घ्यावी आणि फोन लावावेत.

आता कागदाकडे येतो. ही बाजू लोकांना रुक्ष वाटते, पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राचे दोन मोठे पक्ष ज्या प्रश्नावर अडले, तो प्रश्न हाच होता: संघटनेत पदाधिकारी कोण, आणि ते कसे निवडले गेले?

पक्ष फुटला की चिन्ह कोणाला द्यायचं हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाने ठरवतो. काँग्रेसच्या फुटीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सादिक अली प्रकरणाच्या १९७१ च्या निकालापासून त्याच्या कसोट्या ठरल्या आहेत: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना, आणि संघटना व विधिमंडळ या दोन्हीतलं बहुमत. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचा निकाल लागला. आयोगाने म्हटलं की २०१८ ची बदललेली घटना आमच्याकडे रीतसर आलेली नाही आणि पदाधिकारी निवडण्याची पद्धत लोकशाहीची नाही, म्हणून घटनेच्या कसोटीवर विसंबता येत नाही. संघटनेतल्या बहुमताच्या आकड्यांवरही समाधानकारक निष्कर्ष निघेना. उरलं विधिमंडळ आणि संसद. तिथे ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार एकनाथ शिंद्यांकडे होते. धनुष्यबाण त्यांना मिळाला. १० जानेवारी २०२४ ला नार्वेकरांनी अपात्रतेच्या याचिकांवर निर्णय दिला, तोही १९९९ ची घटना धरून, कारण आयोगाच्या नोंदीत तीच होती. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला मिळालं. तिथेही संघटनात्मक निवडणुकांबद्दलच्या दाव्यांत विसंगती आढळल्या आणि शेवटी आमदारांची संख्या मोजली गेली. हे निर्णय बरोबर की चूक यावर दोन्हीकडे ठाम मतं आहेत आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

मी कार्यालय सांभाळलेला माणूस म्हणून एवढंच पाहतो: हजारो शाखाप्रमुख, तालुकाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष यांनी आयुष्यं घातली, दोन्ही बाजूंनी प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे दिले, आणि निर्णायक वेळी त्यांची गणती होऊ शकली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. आमच्या पक्षातही तसंच झालं असतं. एका वर्षी संघटनात्मक निवडणुकीचे जिल्ह्यांचे अहवाल मी मागवले, तर आठ जिल्ह्यांतून हुबेहूब एकाच मजकुराचे कागद आले, फक्त जिल्ह्याचं नाव बदललेलं. मी ते परत पाठवले. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, एवढं ताणू नका, फाईल पूर्ण करा. मी ताणलं. त्या वर्षी बरेच जण नाराज झाले, पण पाच जिल्ह्यांत खरोखर बैठक घेऊन मतदान झालं.

पदाधिकारी बदलले की आयोगाला विनाविलंब कळवायचं, हे लोकप्रतिनिधी कायद्यातच आहे. कळवलेल्या पत्राची पोच फाईलला हवी. बैठकीला कोण हजर होतं, त्यांच्या सह्या हव्यात. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, विरोधात कोण, हे लिहिलेलं हवं. ‘सर्वाधिकार अध्यक्षांना’ असा एका ओळीचा ठराव सगळ्यांना सोयीचा वाटतो. तो करताना कार्यकारिणी आपल्याच हाताने आपलं काम संपवत असते.

शेवटची गोष्ट दुसऱ्या फळीची. पूर्वी प्रदेशाला माणूस जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिकेतून मिळायचा. सभापतिपद सांभाळलेल्या माणसाला अंदाजपत्रक वाचता यायचं, अधिकाऱ्याशी भांडता यायचं. २०२२ पासून मुंबईसह बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. बहुतेक नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं आणि महापालिकांचं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं पंचवीस-तीस वयाच्या मुलांना काम शिकायला जागाच नव्हती. त्यांना फलकांवर फोटो मिळाले, प्रदेशाची पदं मिळाली. काँग्रेसने २०२२ च्या मे महिन्यात उदयपूरला ठरवलं की संघटनेत निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना द्यायची आणि एका पदावर पाच वर्षांहून जास्त राहायचं नाही. ठराव चांगला आहे. पण पन्नाशीच्या आतली ती मुलं कुठे घडली, हे कुठलाच पक्ष विचारत नाही.

तुमचा मित्र याच पिढीतला असणार. त्याला सांगा, या आठवड्यात प्रशासनाच्या सरचिटणिसांना भेटायला जा. सकाळी दहाच्या आधी जा, नंतर गर्दी होते. स्वतःचा तालुका सोडून शेजारचा जिल्हा माग, कारण घरच्या जिल्ह्यात तुला कोणत्यातरी गटाचाच समजतील. प्रभार पत्रावर लिहून घे, तारखेसह. जिल्हाध्यक्षाला आधी फोन कर, मग जा, आणि हार घेऊ नकोस. तिथल्या वीस बूथना स्वतः जा. परत आल्यावर दोन पानांचा अहवाल कर: कुठे माणूस आहे, कुठे नाही, मतदार यादीत काय चुका आहेत. एक प्रत अध्यक्षांना, एक संघटनेच्या सरचिटणिसांना, आणि एक कार्यालयात देऊन पोच घे. पुढच्या महिन्यात पुन्हा कर. आमच्याकडे जे पुढे सरचिटणीस झाले, त्यांतल्या तिघांच्या अशा अहवालांच्या फाईली कार्यालयाच्या कपाटात मीच लावल्या आहेत. त्यांतल्या एकाचा पहिला अहवाल पेन्सिलने लिहिलेला होता आणि त्यात सतरा बूथ होते. उरलेले तीन त्याने पुढच्या रविवारी पुरे केले.